दुसरा जिना

पुणे

चि. सईस,


कुंभकोणमच्या कॉलेजात तुझा प्रवेश पक्का झाल्याचं तुझ्या बाबाने कळवलं. रामानुजन ज्या गावात लहानाचे मोठे झाले, तिथे तू गणित शिकणार याचा मला फार आनंद आहे. तंजावर तिथून जवळ. एखाद्या रविवारी सरस्वती महाल ग्रंथालयात जा आणि आपल्या मराठी राजांनी जपलेल्या पोथ्या पाहून ये.

खोलीला कुलूप लाव, पैसे नीट ठेव, रात्री एकटी फिरू नकोस, हे तुझी आई सांगेलच. ते ऐक. मला सांगायचं आहे ते बाहेर पडण्याच्या वाटेबद्दल.

कुंभकोणममध्येच १६ जुलै २००४ रोजी श्रीकृष्ण शाळेला आग लागली. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात ती पेटली आणि वर्गांवरच्या झावळ्यांच्या छपरापर्यंत गेली. जिना अरुंद होता. ९४ मुलं गेली, बहुतेक प्राथमिक वर्गांतली. त्याआधी, ऑगस्ट २००१ मध्ये, तमिळनाडूतच एरवाडीला झोपडीत साखळीने बांधून ठेवलेले मनोरुग्ण आगीत जळाले. पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना बांधलेलं होतं.

सई, मुलींच्या वसतिगृहांतही सुरक्षा म्हटलं की गज आणि कुलपंच आधी आठवतात. बाहेरच्याला अडवणारं कुलूप आगीच्या वेळी आतल्यांनाही अडवतं. आतून झटकन उघडता येईल, तेच दार खरं सुरक्षित.

कुंभकोणमच्या आगीनंतरच्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. त्या चिमुरड्यांना जिन्याबद्दल कुणाला विचारता येत नव्हतं. तुला येतं. म्हणून वसतिगृहातल्या पहिल्याच संध्याकाळी खोलीपासून दोन्ही जिन्यांपर्यंत चालत जा. वाटेतली दारं मोज; धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, भिंत चाचपतच जावं लागतं. खालचं दार रात्री बंद असतं का, किल्ली कुणाकडे असते, हे वॉर्डनबाईंना विचार. दुसरा जिना गाद्या-खाटांनी अडवलेला असेल, तर चारपाच जणी मिळून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. याला तक्रारखोरपणा म्हणू देऊ नकोस.

खोलीत इमर्शन रॉड किंवा शेगडी लावू नकोस. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर सगळ्यांची यंत्रं नकोत, आणि मोबाईल उशीखाली चार्जिंगला नको. धूर दिसला तर लिफ्टकडे जाऊ नकोस. दाराला हाताची मागची बाजू लावून बघ. गार असेल तर नाकावर ओला रुमाल धर आणि जमिनीलगत सरकत बाहेर पड, कारण धूर आधी वर साठतो. दार तापलेलं असेल तर उघडू नकोस. फटीत ओला टॉवेल कोंब, १०१ किंवा ११२ ला फोन कर आणि खिडकीतून हाका मार. सामानासाठी मागे फिरू नकोस.

हे तुझ्या खोलीतल्या मुलींनाही सांग. तमिळ येत नसेल तर प्रत्यक्ष चालून दाखव. एकाच मुलीला वाट माहीत असून मजला वाचत नाही.

पोहोचल्यावर फोन करशील तेव्हा जेवण कसं आहे ते सांगच, आणि दुसऱ्या जिन्याचं दार उघडतं का तेही सांग.

तुझी,
आत्या