कूलर, डग्गा आणि हेडफोन

धरमपेठ, वैशाखातील दुपार.

बाहेर वेस्ट हायकोर्ट रोडवर ऊन रणरणत असताना आणि खिडकीतला कूलर वाळ्याच्या ताट्यांमधून आपला अखंड घोष घरभर पसरवीत असताना, श्रवणासाठी व मिक्सिंगसाठी कोणता हेडफोन घ्यावा या प्रश्नाचा निम्मा फैसला नागपूरच्या उन्हाळ्यानेच करून टाकला आहे, असे आज प्रकर्षाने जाणवले. ओपन-बॅक हेडफोनातील मोकळा ध्वन्यवकाश मला मनापासून प्रिय आहे. परंतु त्याच्या जाळीतून कूलरही आत शिरतो, आणि गाताना कानातला तानपुरा बाहेर पाझरून मायक्रोफोनमध्ये उतरतो. तेव्हा क्लोज्ड-बॅकच घेणे प्राप्त आहे.

सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून स्टुडिओंत रुळलेला. उच्चारातला बोचरा सकार तो तत्काळ उघडा पाडतो, मात्र दीर्घ श्रवणास मला तो प्रखर वाटतो. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० व २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. पैकी २५० ओहमच्या प्रकारास समर्थ अॅम्प्लिफायरची तजवीज हवी. ८० ओहमच्या प्रकाराची मखमली गादी घामाच्या दिवसांत सुखावह खरी. पण तिच्याखाली माझ्या चष्म्याची काडी आली की खर्ज निसटतो, डग्गा दुबळा भासतो, आणि मिक्सिंग करणारा हात तो विनाकारण वाढवून ठेवतो. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या वसंतराव देशपांडे यांचे गायन लावून, चष्मा काढून व घालून, हा भेद मी पुनःपुन्हा पडताळला.

८० ओहमचाच घेण्याचे ठरविले. चष्मा काढून काम करीन, आणि स्पीकरवर ऐकल्याखेरीज कोणतेही मिक्सिंग कोणाच्या हवाली करणार नाही.