उठवायचं कुणाला?

रोल-प्लेइंग खेळाच्या टेबलावर स्वप्नातून जन्मलेला राक्षस आणला, की कुणीतरी म्हणतंच, ‘झोपलेल्याला उठवा ना!’ संपलं. महिनाभर रचलेलं कॅम्पेन खांदा हलवल्याबरोबर खलास.

या एका वाक्याशी मी वर्षानुवर्षं झगडतोय. शाप घातले, दारं चिणली. शेवटी मुचुकुंद आठवला. त्याला लाथ मारून उठवणारा कालयवन पहिल्या नजरेतच भस्म झाला. म्हणजे उठवणंच महाग करायचं! मग मी माझा झोपाळू थेट हरिश्चंद्रगडावर, केदारेश्वराच्या गुहेत, त्या गार पाण्यात निजवला. तिथल्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि तो पडला की जग बुडणार, ही समजूत गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली. माझ्या खेळात झोपाळूला हलवलं की खांबाला तडा. नगरच्या मंडळींवर मात्रा बरोबर लागू पडली आणि मी पुढची दोन वर्षं ती फुशारकी मिरवली.

तयार अ‍ॅडव्हेंचर विकत आणून खेळ चालवणाऱ्या डीएमना, म्हणजे डंजन मास्टरना, असले प्रश्न पडतच नाहीत. राक्षस स्वप्नातला असो की गटारातला, हिट पॉइंट मोजले की झालं. नाइट हॅग तर 1977च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’पासून झोपलेल्यांना छळतेय, पण ती बाहेरून स्वप्नात शिरते. आतून येतो त्याचं काय?

मग भाचीने पहिल्यांदाच सेशन चालवलं. बारावीतली पोर, टिपणं अर्धं पान. एक म्हातारी झोपलीय. तिचा बुडालेला मुलगा रोज रात्री तिच्या स्वप्नातून गावात येतो. हात जरा जास्तच लांब. गावातली गुरं फाडतो आणि पहाटे आईचं पाणी भरून ठेवतो. तासभर वाद चालला, वीस बाजूंचा फासा कुणी उचलेना.

मी मुद्दाम म्हटलं, ‘‘उठवा तिला.’’

‘‘मामा, तूच उठव,’’ भाची म्हणाली. ‘‘काय सांगून उठवशील?’’

मी पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती; जळफळाट होता. माझ्या खांबाला सगळे भ्यायले, पण त्या पाण्यात निजलेला माणूस कोण, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

आता केदारेश्वर पुन्हा लिहितोय. त्या माणसाला नाव दिलंय, त्याचं कोण गेलं तेही ठरवलंय. नाशिकच्या मित्रांपुढे चालवेन तेव्हा कल्पना भाचीची, हे सांगणार आहे. खेळ संपल्यावर. आणि त्यांनी फारच वाहवा केली, तर जरा आणखी उशिराने.