बाहेर पडायची चिठ्ठी

बॅसिलस सबटिलिस हा मातीतला जिवाणू. त्याला ना तोंड, ना पोट. स्टार्चचा मोठा रेणू समोर असला तरी तो गिळता येत नाही. म्हणून हा पठ्ठ्या एन्झाइम्स पेशीबाहेर सोडतो. ती बाहेरच अन्नाचे तुकडे करतात आणि हा ते तुकडे आत ओढून घेतो. स्वयंपाक घरात, पचन अंगणात!

पण पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं बनतात. त्यातली बाहेर कोणी जायचं?

मला हा प्रश्न धाकट्या बहिणीमुळे पडला. ती पीएच.डी. करते. दुसऱ्या एका जिवाणूचं अमायलेज तिला बॅसिलसकडून बनवून हवं होतं. पेशीच्या आत ते भरपूर सापडायचं, बाहेरच्या द्रवात जवळजवळ नाहीच. फेलोशिप संपत आलेली. एका रात्री फोनवर म्हणाली, "दादा, ते घराबाहेरच पडत नाहीये रे."

बाहेर पडायला चिठ्ठी लागते. गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी १९७१मध्ये ही कल्पना मांडली. पुढे ब्लोबेलना १९९९चं नोबेल मिळालं. ही चिठ्ठी म्हणजे सिग्नल पेप्टाइड: प्रथिनाच्या सुरुवातीला जोडलेली साधारण १५ ते ३० अमिनो आम्लं. पुढचं टोक धनभारित, मधला भाग पाण्याला टाळणारा, शेवटी कापायची खूण. प्रथिन घडी न घालता, दोऱ्यासारखं पेशीच्या पडद्यातल्या वाटेतून सरकतं. मग एक एन्झाइम चिठ्ठी कापून टाकतं आणि बाहेर प्रथिनाची घडी बसते.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे पाकिटावरचा पत्ता आणि आतला मजकूर वेगळे असतात. उत्तम पत्ता शोधावा, सगळ्यांना चिकटवावा.

जर्मनीतल्या संशोधकांनी २००६मध्ये हेच तपासलं. बॅसिलसच्या १७३ चिठ्ठ्या त्यांनी एका क्युटिनेजला जोडून पाहिल्या, मग एका एस्टरेजला. एकाला जी उत्तम, ती दुसऱ्याला उत्तम ठरली नाही.

कारण चिठ्ठी नुसता पत्ता सांगत नाही. प्रथिनाने किती वेगाने निघावं, हेही तिच्यावर ठरतं. उशीर झाला तर आतच घडी बसते आणि ते वाटेत मावत नाही. भसाभस बाहेर पडलं तर घडी चुकते आणि जिवाणूचीच प्रोटिएज त्याचे तुकडे करतात. कापायची जागा सरकली तर उरलेल्या शेपटाने एन्झाइमचं कामही बिघडू शकतं. म्हणून बाहेर किती आलं एवढंच मोजून भागत नाही, आलेलं काम करतंय का तेही बघावं लागतं.

२०२०मध्ये कॅलटेकमधल्या गटाने ट्रान्सफॉर्मर वापरला. हे तंत्र मुळात भाषांतरासाठी बनलेलं. त्यांनी एन्झाइमचं जणू चिठ्ठीत 'भाषांतर' करून घेतलं. तपासलेल्या नव्या चिठ्ठ्यांपैकी ४८ टक्के चालल्या. मी उत्साहाने बहिणीला सांगितलं.

"म्हणजे निम्म्याहून जास्त चालत नाहीत," ती म्हणाली. "त्या कुठल्या, ते मलाच प्लेटवर बघावं लागणार."

तिने बॅसिलसचं स्वतःचं अमायलेज आधीच काढून टाकलं होतं. मग कित्येक चिठ्ठ्या एकेक करून जोडल्या. गेल्या आठवड्यात फोटो आला. स्टार्चच्या प्लेटवर आयोडीन ओतलेलं, सगळं निळं-काळं. बहुतेक वसाहतींभोवती काहीच नाही. एकीभोवती मात्र रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ.

खाली तिने एवढंच लिहिलं होतं: "निघालं."