चेंडू हातात हवा

चि. भाच्यास,


शेजारच्या राज्याच्या संघाकडून तुला विचारणा झाली आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत, हे ताईनं फोनवर सांगितलं. तुझ्या बाबांचं म्हणणं, मुंबईच्या संघात तुझ्यासारखाच, एवढा मुरलेला डावखुरा फिरकी गोलंदाज आहे, त्याच्यामागे शिकत राहा. पॅडी शिवलकर आयुष्यभर थांबलेच ना! हे उदाहरण मला फार जवळचं आहे, म्हणूनच ते अर्धवट वापरलेलं सोसवत नाही.

शिवलकर थांबले ते भारताच्या टोपीसाठी. पुढे बिशनसिंग बेदी होते, 67 कसोटींत 266 बळी घेणारे. टोपी मिळाली नाही ती नाहीच. पण त्या सगळ्या वर्षांत मुंबईसाठी चेंडू त्यांच्याच हातात असायचा. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात, मद्रासला, तमिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 बळी घेतले. प्रथम श्रेणीत एकूण 589. हा माणूस बाकावर कधी बसला होता? हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचंही तेच. रणजीत 637 बळी, कसोटी एकही नाही. दोघांवर अन्याय झाला असं मी आजही मानतो, पण त्यांची गोलंदाजी कुणी हिरावून घेतली नाही.

तू मात्र बिब घालून पाणी नेतोस आणि नेटमध्ये मोठ्यांना सराव देतोस. तुझं हे वय मार खाऊन शिकायचं. फलंदाजानं पुढे सरसावून षटकार मारला तरी पुढचा चेंडू तितकाच उंच टाकायची छाती नेटमध्ये होत नाही रे. ती होते चौथ्या दिवशी, बोट सोललेलं असताना तिसावं षटक टाकताना.

दिलीप दोशींकडे बघ. बंगालकडून खेळले, इंग्लंडात नॉटिंगहॅमशायरकडून टाकत राहिले. 1979 मध्ये पहिली कसोटी मिळाली तेव्हा एकतिशी उलटली होती, तरी 33 कसोटींत 114 बळी घेतले. जागा रिकामी झाली तेव्हा त्यांचा हात तयार होता.

तुमच्या संघातल्या त्या ज्येष्ठ फिरकी गोलंदाजाबद्दल मनात अढी धरू नकोस. तो बळी घेतोय तोवर जागा त्याचीच. नुसतं वय बघून कुणाला उठवू नये. जाण्याआधी त्याच्याकडून आर्म बॉल नीट समजून घे. माझा राग आहे तो निवडणाऱ्यांवर. पोराला पंधरा जणांत धरून ठेवायचं, खेळवायचंही नाही आणि क्लबच्या सामन्यांसाठी सोडायचंही नाही, ही कसली जोपासना?

राहता राहिली आजीची भीती, की मुंबई सोडणं म्हणजे बेइमानी. अमोल मुजुमदारनं 1994 मध्ये पदार्पणातच 260 धावा केल्या, पुढे कप्तान म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, आणि नंतर तोच आसामकडून खेळला. त्याला कुणी परका म्हणतं का?

तेव्हा प्रशिक्षकांना भेट आणि सरळ विचार, येत्या मोसमात मी खेळणार आहे का? ठाम होकार आला तर राहा. ‘बघू’ म्हणाले, तर ना-हरकत पत्रासाठी त्याच दिवशी अर्ज दे. बाबांशी मी बोलतो.

तुझा,
मामा