पाठ

माणसाला देवाने डोळे दोन दिले, पण दोन्ही पुढच्याच बाजूला. त्यामुळे स्वतःची पाठ जन्मात कधी त्याच्या दृष्टीस पडत नाही. आपल्या पाठीमागे लोक काय बोलतात याची काळजी आपण उभा जन्म वाहतो. खुद्द पाठ काय म्हणते आहे, हे ऐकायला मात्र कुणाला फुरसत नसते.

आणि भाषेने तर सगळा भार पाठीवरच टाकलेला! मागून जन्मलेले भावंड पाठचे. संकटात जो टिकतो तो पाठीशी उभा राहतो. शाबासकीची थाप पाठीवर, अन् धपाटाही तिथेच. लहानपणी आम्हांला घरात दोन हुकूम रोज ऐकावे लागत : पाढे पाठ कर, आणि पोक काढून बसू नकोस. पाढे पाठ झाले. पोक मात्र तसेच राहिले.

पुढे लग्न होऊन मी बोरिवलीला आले. तीस वर्षे सकाळची चर्चगेट गाडी, एका खांद्याला पर्स आणि डब्याची पिशवी, कचेरीत टेबलावर वाकणे आणि संध्याकाळी ओट्याशी वाकणे. आता गाडीत तर मान वर केलेला माणूस शोधावा लागतो. सारा डबा हातातल्या फोनला नमस्कार करीत असतो! आपले डोके चार-पाच किलोंचे. कण्यावर नीट तोललेले असले, तर त्याचे ओझे जाणवत नाही. पुढे झुकले, की मानेच्या स्नायूंना ते दिवसभर मागे खेचून धरावे लागते. भरली कळशी कडेवर घेणे आणि हात लांब करून धरणे, यांत जो फरक तोच.

माझ्या पाठीने संप पुकारला तो गेल्या वर्षी. सासूबाईंचे वय सत्त्याऐंशी. खुब्याचे हाड मोडून त्यांचे ऑपरेशन झाले होते. यजमान जाऊन सहा वर्षे झालेली, मुलगी बंगळुरूला; घरात आम्ही दोघीच. त्यांना उठवून बसवणे, कुशीवर वळवणे, सारे माझ्याकडे. एके सकाळी त्यांना उठवताना कमरेत अशी उसण भरली, की त्या अर्ध्या उठलेल्या आणि मी अर्धी वाकलेली! "आता आपल्या दोघींना कोण गं उठवणार?" सासूबाई म्हणाल्या. आम्ही दोघीही हसलो. पण त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही.

डॉक्टरांनी तपासून धीर दिला, आणि दुखणे ओसरल्यावर व्यायाम करायला सांगितले. अशा रीतीने मी अंधेरीच्या एका पिलाटेसच्या वर्गात जाऊन पडले. पडले म्हणजे शब्दशः, सतरंजीवर! पहिला आठवडा उताणे निजून श्वास घेण्यातच गेला. "आमच्या वेळी व्यायाम म्हणजे दळण, कांडण आणि पाणी भरणं. आता निजण्यालाही फी द्यावी लागते!" सासूबाईंचा शेरा.

पण त्या निजण्यात एक गोष्ट उमगली. शाळेतले 'ताठ' म्हणजे छाती पुढे, श्वास कोंडलेला. मुळात कणा काठीसारखा सरळ नसतोच. जन्मलेल्या बाळाची पाठ एकाच कमानीची असते. मूल मान धरू लागले की मानेचा बाक स्पष्ट होतो, आणि उभे राहू, चालू लागले की कमरेचा. हे बाक सांभाळून उंच होणे, याचे नाव ताठ बसणे. पोटाच्या स्नायूंचा सर्वांत आतला थर कमरपट्ट्यासारखा मध्यभागाला वेढून असतो. श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घेतली, की हा पट्टा जागा होतो आणि कमरेला आधार देतो.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मला. पोरगा प्रकृतीने किरकोळ होता म्हणतात. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध केले, तेव्हा तो सोबतच्या बंदिवानांकडून व्यायाम करून घेई. पुढे न्यू यॉर्कला त्याने शाळा काढली आणि तिथे नर्तकांची रीघ लागली. मौज अशी, की त्याच सुमारास, २५ डिसेंबर १९१८ रोजी, आमच्या अंधेरीजवळच्या वेसाव्याला, दादाभाई नवरोजींच्या बंगल्यात श्रीयोगेंद्रांनी 'योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. गुहेतला योग त्यांनी संसारी माणसाच्या घरात आणला. ती संस्था आज सांताक्रूझला आहे. दोघांची गाठ कधी पडली नसावी. पण शरीर आणि श्वास यांची सोयरीक जुळवावी, हे दोघांनाही सुचले.

पिलाटेस ही संजीवनी नव्हे. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी कंबरदुखीवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. काहीच न करण्यापेक्षा पिलाटेस बरे, पण इतर व्यायामांहून ते श्रेष्ठ असल्याचा पक्का पुरावा नाही, असा त्यांचा निर्वाळा. म्हणजे ज्याला सूर्यनमस्कार आवडतात त्याने ते घालावेत. नेम चुकवू नये, एवढेच.

मला मिळाले ते मोठे आहे. रात्री झोप लागते, जिना चढताना दम लागत नाही. सासूबाईंना उठवायचे असले, की मी गुडघ्यांत वाकते, त्यांना अंगाशी घेते आणि श्वास सोडत उठते. फराळाच्या गडबडीत तुम्हीही एवढे करून पाहा : खुर्चीत पावले जमिनीला टेकवून बसा, खांदे सैल सोडा आणि बरगड्या दोन्ही बाजूंना फुलतील असे दहा श्वास घ्या.

सासूबाई आता वॉकर धरून गॅलरीपर्यंत येतात. यंदा आकाशकंदील कुठे लावायचा, हे त्या खुर्चीत बसून सांगणार आहेत. परवा मी रांगोळीला बसले, तर मागून आवाज आला, "पोक काढू नकोस गं!" आणि स्वतः त्या खुर्चीत चांगल्या ताठ बसल्या होत्या.