तीन अक्षरांचं देणं

इंग्रजी पाचवीत सुरू होणाऱ्या पिढीतला मी. क्रियापदांची रूपं पाठ करताना ‘सेट’ हा शब्द मला फार जवळचा वाटायचा, कारण त्याची तिन्ही रूपं एकच. वहीत त्याच्यापुढे ‘ठेवणे’ एवढा एक अर्थ लिहिला आणि हा शब्द आपल्याला आला, असं समजून पुढे गेलो. भाषांतरावर पोट भरायला लागून आता बरीच वर्षं झाली. या कामात जे थोडंफार कळलं, त्यातलं बरंचसं या तीन अक्षरांनी शिकवलं. त्या देण्याची ही नोंद.

पहिलं काम मिळालं ते प्रथमोपचाराच्या एका पुस्तिकेचं. खेड्यांतल्या आरोग्यसेविकांसाठी ती होती. मोडलेलं हाड स्वतः ‘सेट’ करू नये, अशी त्यात सूचना होती. मी लिहिलं, ‘मोडलेलं हाड स्वतः ठेवू नये.’ पुढे प्लास्टर ‘सेट’ होईपर्यंत हात हलवू नये, असं होतं. तिथेही मी ‘ठेवणे’च कसंबसं बसवलं. वाचताना खटकलं होतं, हे आज कबूल करतो. पण येणाऱ्या शब्दासाठी कोश कशाला उघडायचा, असा तेव्हाचा माझा समज होता.

छापखान्यात एक वयस्कर मुद्रितशोधक होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं. त्या दोन ओळींभोवती लाल शाईनं गोल केला होता.

“तुमच्या गावात हाडवैद्य आहे?”

“आहे.”

“तो हाडाचं काय करतो?”

“बसवतो.”

“आणि प्लास्टर?”

“घट्ट होतं.”

“मग हे कुठून आणलंस?”

रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “शब्दाला एकट्याला गाठू नकोस. तो कुणाशेजारी बसलाय ते आधी बघ.” त्या ओळी तशाच छापल्या असत्या, तर त्या वाचून कुणाच्या तरी मोडलेल्या हातावर उपचार झाले असते. तो विचार आजही मनातून जात नाही.

त्यांनीच मला ग्रंथालयात ऑक्सफर्डचा मोठा कोश बघायला पाठवलं. 1989 सालची ती दुसरी आवृत्ती 20 खंडांची. ‘सेट’ची नोंद सुमारे 60,000 शब्दांची, चारशेहून जास्त अर्थांची. पानामागून पान उलटलं, तरी नोंद संपेना. सूर्य मावळतो, सोनार कोंदणात खडा बसवतो, शिकारी सापळा लावतो, शिक्षक प्रश्नपत्रिका काढतात, पंगतीआधी पानं मांडतात, आणि या सगळ्यांना इंग्रजीत ‘सेट’ चालतं. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा मूळ अर्थ होता ‘बसायला लावणे’. म्हणजे हाडवैद्याचं ‘बसवणं’ अगदी मुळाशीच होतं. चहाच्या सेटमधला ‘सेट’ मात्र निराळ्या कुळातला. तो लॅटिन ‘सेक्टा’पासून जुन्या फ्रेंचमधून आला आणि या क्रियापदात मिसळून गेला.

पुढे वाचलं, की त्याच कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर हे कोशकार ‘रन’ या एकाच क्रियापदावर नऊ महिने काम करत होते. त्यांनी 645 अर्थ वेगळे केले. मी माझ्या शब्दाला एक मिनिटही दिलं नव्हतं.

दुसरा धडा घरात मिळाला. पाककृतींच्या पुस्तकात मी ‘दही सेट होऊ द्यावं’ असं लिहिलं होतं. सगळीकडे तसंच लिहितात. आईला वाचून दाखवलं.

“सेट म्हणजे?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती उठली, ओट्यावरच्या दह्याच्या पातेल्याचं झाकण काढून ते जरासं कलतं केलं. दही जागचं हललं नाही. कडेला फक्त निवळीची बारीक रेघ दिसली.

“हे बघ, लागलं. दही लागू द्यावं, असं लिही की.”

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, लग्न लागतं. डोळा लागतो. एसटी फलाटाला लागते आणि घाटात तीच एसटी एखाद्याला लागते. परक्या शब्दाचे अर्थ मोजण्यात इतकी वर्षं घालवली, पण आईच्या तोंडचं ‘लागणं’ मी कधी मोजलं नव्हतं. ‘सेट’नंच मला ते दाखवलं. तेव्हापासून अडलो की कोशानंतर गवंड्याला, सोनाराला, शिंपिणीला विचारतो. त्यांची क्रियापदं माझ्यापेक्षा नेमकी असतात.

परवा एका कथेत सूर्य ‘सेट’ झाल्यावर एक बाई शेतातून घरी परतते, असं वाक्य आलं. हात सवयीनं ‘सूर्यास्तानंतर’ लिहून गेला. मग शेजारची ओळ वाचली. तिथे तिची सासू कंदिलाची काच पुसत होती. मी लिहिलेलं खोडलं आणि ‘दिवेलागणीला’ लिहिलं.

आता आई नाही, काकाही नाहीत. ती ओळ दोघांनाही दाखवायची राहून गेली.