वऱ्हाडातील शरद : जवळच्या वाटा

आश्विन लागला की वऱ्हाडातील आकाश उंच होते. चार महिने घरांच्या छपरांवर ओठंगलेले ढग पांगतात आणि उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग निळसर रेषेसारखी स्पष्ट दिसू लागते. दुपारचे ऊन अंग पोळते. पहाटे मात्र पांघरूण ओढून घ्यावेसे वाटते. काळी जमीन वरून भेगाळू लागलेली असते, पण तिच्या पोटात पावसाची ओल टिकून असते. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारे असल्याने ते पिकाच्या उपयोगाचे नसते. तेथील कास्तकार या साठलेल्या ओलीच्या भरवशावरच हरभरा पेरतो.

या ऋतूत लांबच्या प्रवासाला जैन घरांतून सहसा कोणी निघत नाही. साधुसंतांचा वर्षायोग चालू असतो. दिगंबर परंपरेत तो दीपावलीला पूर्ण होतो, श्वेतांबर परंपरेत कार्तिकी पौर्णिमेला. दुकानातही हंगाम तोंडावर आलेला असतो. त्यामुळे शरदातील सहल ही अर्ध्या दिवसाची असते. सकाळी दर्शन घेऊन निघावे, डब्यातील दशमी आणि चटणी झाडाखाली खावी, सूर्यास्तापूर्वी घरी परतून आहार आटोपावा. अमरावती आणि अकोला या दोन शहरांच्या भोवती अशा सहलीला पुरेल इतके पुष्कळ आहे.

रस्त्याच्या कडेला

पहिली सहल गावाच्या वेशीपर्यंतचीच असावी. पडीक जागेत तरोट्याची पिवळी फुले अजून असतात, धुऱ्यावरच्या गवताला कुसळे आलेली असतात, आणि सोयाबीन काढून रिकाम्या झालेल्या वावरात बगळे किडे टिपत हिंडतात. विजेच्या तारेवर नीलकंठ बसलेला दिसतो. बसलेला असताना तो मातकट वाटतो. उडाला की पंखांतील गडद व फिका निळा रंग एकदम उघडतो. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. याच सुमारास शेपटी वरखाली हलवणारा धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन ओलसर जागी वावरू लागतो. अमरावतीचा वडाळी तलाव किंवा अकोल्याजवळचा कापशी तलाव येथे सकाळी तासभर शांत बसले, तर मुलांच्या वहीत दहा-बारा पक्ष्यांची नावे सहज जमा होतात.

पक्षी पाहण्याचा छंद या भागात क्षुल्लक नाही. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणाच्या नजरेस पडल्याची खात्रीशीर नोंद नव्हती. ते नष्ट झाले असेच मानले जात होते. १९९७ च्या नोव्हेंबरात खानदेशात शहाद्याजवळ ते पुन्हा दिसले, आणि पुढे मेळघाटच्या सागवनातही त्याचे वास्तव्य आढळले. म्हणजे एक जीव शंभरावर वर्षे आपल्या शेजारी राहत होता आणि तो आहे हे कोणी सांगू शकत नव्हते. पायाखाली चार हात जमीन पाहून चालण्याची शिकवण ज्या परंपरेत आहे, तिच्यातील मुलांना हा छंद शिकवणे कठीण जाऊ नये.

मुक्तागिरी

परतवाड्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे गेले की मुक्तागिरी येते. शासकीय नकाशात हे सिद्धक्षेत्र मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात पडते. पण तेथे जाणारी वाट आणि ओढा दोन्ही वऱ्हाडाचे आहेत. डोंगराच्या अंगाखांद्यावर ५२ जिनालये आहेत आणि साडेतीन कोटी मुनी येथून मोक्षास गेले अशी श्रद्धा आहे. याचे दुसरे नाव मेंढागिरी. उंचावरून पडलेल्या मेंढ्याच्या कानी मुनींनी णमोकार मंत्र घातला आणि तो देवगतीला गेला, ही कथा यात्रेकरूंच्या घराघरांत सांगितली जाते.

मुक्तागिरी शरदात पाहावी, याला कारण आहे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात आणि उन्हाळ्यात धबधबा आटतो. आश्विन-कार्तिकात मात्र पाणी कोसळत असते, डोंगर हिरवा असतो आणि धुतलेली शुभ्र शिखरे त्यावर उठून दिसतात. वृद्धांनी पहाटे चढण घ्यावी. ऊन चढल्यावर दगड तापतो. परतताना अचलपूर-परतवाड्याच्या बाजारात थांबले, तर आंबिया बहाराची पहिली संत्री आलेली दिसतात. वरुड-मोर्शीकडील बागांतून ती येऊ लागतात तेव्हा सालीवर हिरवी झाक असते आणि चवीत किंचित आंबटपणा असतो.

मूर्तिजापूर

अकोला आणि अमरावती यांच्या मध्ये मूर्तिजापूर आहे. येथून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी जात असे. लोक तिला शकुंतला म्हणत. किलिक निक्सन या कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी तो मार्ग उभारला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. मग डिझेल इंजिन आले. गेली काही वर्षे ही गाडी बंद आहे आणि रुळांमध्ये गवत वाढले आहे. रुळ आणि स्थानकांच्या जुन्या इमारती पाहिल्या की कापूस या प्रदेशात किती मोठा होता हे पुस्तकावाचून कळते.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्या दशकातच मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरामार्गे नागपूरला पोहोचला. त्याच्या मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, अडते आले, आणि राजस्थान-गुजरातेतून आलेल्या कित्येक जैन घराण्यांनी येथे पेढ्या मांडल्या. आज जी कुटुंबे कापड, किराणा वा औषधांच्या व्यवसायात आहेत, त्यांपैकी अनेकांच्या जुन्या वह्यांची पहिली पाने रुईच्या हिशेबाची आहेत.

पहिली वेच

म्हणून शरदातील सर्वांत महत्त्वाची सहल कपाशीच्या वावरातली आहे, आणि नेमकी तीच आज कोणी करत नाही.

मृगात पेरलेली पऱ्हाटी दसरा-दिवाळीच्या सुमारास फुटू लागते. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी फिके पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते. त्यानंतर साधारण दीड महिन्याने बोंड उमलते. वेचणी सकाळी लवकर सुरू होते, कारण दवाने पाने मऊ असतात आणि त्यांचा चुरा कापसाला चिकटत नाही. वेचलेला माल मग उन्हात पसरून वाळवतात. पहिल्या वेचीला वावरातच पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्याला सीतादही म्हणतात. मग कमरेला ओटी बांधून बाया तासात शिरतात. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना टोचतात, आणि मजुरी किलोवर असल्याने हात थांबवता येत नाही.

शंभर किलो कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी. रुईची एक गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीसाठी पाच क्विंटल कापूस त्या बोटांनी एकेक बोंड करून वेचलेला असतो.

परतीचा पाऊस याच दिवसांत येतो तेव्हा सारे गणित फिरते. उमललेले बोंड भिजले की रुईचा रंग जातो, कधी बोंडातच सरकीला कोंब फुटतो. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात. त्यापुढे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांवर माल नाकारला जातो. हा आकडा व्यापाऱ्याला पाठ असतो. एका रात्रीच्या सरीने तो कसा ओलांडला जातो, हे मात्र वावरात उभे राहिल्याखेरीज कळत नाही.

पूर्वीच्या पिढीला ते कळत असे. मूठभर कापूस दाबून ओलावा सांगणारे आणि तंतू ओढून प्रत ठरवणारे हात पेढीवर होते. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि तीनेक दशके खासगी खरेदी बंद राहिली. अनेक घरे दुसऱ्या धंद्यांत गेली. खरेदी पुन्हा खुली झाली तोवर ते हात थकले होते. आता घरातील तरुणाला कापसाचा वायदा मोबाइलवर क्षणात दिसतो. पऱ्हाटी आणि तूर लांबून वेगळी ओळखता येतेच असे नाही. कास्तकाराशी बोलायला मग भावाखेरीज विषय उरत नाही, आणि पडत्या बाजारात तोही कडवट होतो.

हे तुटलेले जोडणे अवघड नाही. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तेथील शिवार फेरीत वाणांचे उभे पीक पाहता येते. त्याहून सोपे म्हणजे दुकानात नेहमी येणाऱ्या एखाद्या कास्तकाराला विचारून रविवारी मुलांसह त्याच्या वावरात जाणे. मुलांनी दोन तास वेचून पाहावे, वेचलेले तोलून पाहावे आणि आलेल्या वजनाची मजुरी स्वतः काढावी.

चांदणे आणि वह्या

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडातील मुली भुलाबाई मांडतात. संध्याकाळी गाणी होतात आणि झाकलेला डबा वाजवून आत कोणती खिरापत आहे हे ओळखायचे असते. शहरांतील सदनिकांतून हा खेळ विरळ झाला आहे. लहान गावांत अजून आहे. जैन घरातील मुलींनी दिवेलागणीआधी खिरापत वाटून घेतली, तरी गाण्यांना आणि नंतरच्या चांदण्याला काही बाधा येत नाही.

मग आश्विनी अमावास्या येते. पहाटे मंदिरात महावीरस्वामींच्या निर्वाणाचा लाडू चढतो आणि दुसऱ्या दिवसापासून वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते; पेढीवर नव्या वह्यांचे पूजन होते. वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिले जाते. ज्या घरातील मुलांनी त्या महिन्यात वावरातील वेचणी पाहिली असेल, त्यांना त्यांतील लाभ कोणाच्या बोटांतून येतो हे वेगळे सांगावे लागणार नाही.